मागच्याने बांधलेलं घर

"कुठल्या गाढवानं घातलाय हा जिना!"

गवंडी हे स्वतःशीच पुटपुटला होता, पण जिन्याखालच्या स्वयंपाकघरात ते जसंच्या तसं उतरलं. या घरात आवाज अडत नसे. कुठे ना कुठे फट सापडायचीच त्याला. मास्तरांच्या बायकोने चहाखालचा गॅस बारीक केला आणि कान वर लावला. धप्प. मग एक शिवी. मग गुडघा चोळतानाची शांतता. म्हणजे मधली पायरी. ती बाकीच्या पायऱ्यांपेक्षा चार बोटं उंच होती आणि नवख्या माणसाशी ओळख करून घेतल्याशिवाय त्याला वर जाऊ देत नसे.

"मागच्यानं घातलाय तो!" पुढच्या खोलीतून मास्तर हसत ओरडले. "सांभाळून हो गवंडीदादा. जिना कसला, सापळा लावून गेलाय तो."

तिने डोळे मिटून घेतले. झाली सुरुवात.

हे होऊ नये म्हणून तर तिने पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावला होता. घर आहे तसं विकायचं. डागडुजी नाही, रंग नाही आणि तपासणी तर मुळीच नाही. लेकीला वाटलं, आई खर्चाला भिते. भीती खर्चाची नव्हती. घर तपासायला माणूस आला की तो एकेका खोडीवर बोट ठेवणार, मोठ्याने बोलणार, आणि मास्तर शिलाई मशीनवर बसून ते ऐकणार. नजर गेल्यापासून मास्तरांचे कान फार तिखट झाले होते. ह्यांच्या कानावर एक अक्षर न पडता घर जावं, हाताला धरून ह्यांना उंबऱ्याबाहेर काढावं, मागे वळून बघायचा तर प्रश्नच नाही, एवढंच तिला हवं होतं. झाकली मूठ झाकलेलीच जावी.

आणि घर सोडायला तर हवंच होतं. मागची खोली त्यांनी कधीच बंद करून टाकली होती. रस्त्याकडची भिंत आता इतकी झुकली होती की शेजारपाजारचे लोक मुलांना समोरच्या कडेने जायला सांगत. बघायला बरेच येऊन गेले. आले, पायरीला ठेचकाळले, "कळवतो" म्हणाले आणि त्या भिंतीपासून जरा लांबून चालत गेले. राहिला तो एकटा कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. त्याला गाड्या उभ्या करायला जागा कमी पडत होती. माणूस मनाने चांगला, आवाजाने मोठा, नखांत कायमचं काळं तेल. घराचं काय करणार हे तो सांगत नसे आणि कोणी विचारत नसे. "मोकळं करून घेऊ" एवढंच तो म्हणायचा, केस कापायचे असल्यासारखं. आज मात्र न विचारता गवंड्याला घेऊन आला. म्हणे, यातून काय काय निघेल ते बघू दे त्याला. विटा, चौकटी, काही असेल ते.

चहा उतू यायला लागला तशी तिने पातेलं खाली घेतलं.

मास्तर शिंपी होते, आणि अजूनही सगळे त्यांना मास्तरच म्हणत. जागा घेतली तेव्हा ते ऐन उमेदीत होते. अस्तरासकट कोट शिवणारा माणूस, त्याला चार भिंती जड आहेत का, असं ते म्हणाले आणि सुटीच्या दिवशी थापी घेऊन उभे राहिले. भिंती त्यांनी गळ्यातल्या टेपने मोजल्या. विटेवर रेघ मारली ती कपड्यावर मारायच्या खडूने. वाढत्या अंगाच्या मुलाला कपडा बेतताना आत जास्तीचं कापड सोडतात, तसं त्यांनी घरालाही सोडलं होतं. छपराच्या वर सळया काढून ठेवल्या, पुढे मजला चढवायला. वरच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने दार ठेवलं, पुढे गॅलरी काढायला. पुढे, पुढे. कपड्याचं कसं असतं, चुकलं तर उसवता येतं. विटेचं तसं नसतं हे त्यांना कळलं तोवर ते तिघं राहायला आले होते.

आणि मग एकदा लेकीच्या शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या. त्यातली एक मधल्या पायरीवर आपटली, रडली आणि रडता रडता म्हणाली, "असं कुणी बांधलंय गं तुमचं घर?" लेक तेव्हा एवढीशी. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. ती म्हणाली, "आमच्या आधी इथे एक वेडा माणूस राहायचा. त्यानं बांधलंय."

मास्तर दारातच उभे होते, गळ्यात टेप. स्वयंपाकघरातून बघणाऱ्या बायकोच्या हातातला चमचा हातातच राहिला.

"हो ना," मास्तर म्हणाले. "काय माणूस होता! दारं कुठे काढावीत तेसुद्धा कळत नव्हतं बिचाऱ्याला."

मुली हसल्या. लेक हसली. बायकोही हसली, त्या वेळी दुसरं काय करणार. तेव्हापासून तो त्यांच्याकडे राहायला आला तो आलाच. नाव पडलं मागचा. छप्पर गळलं की मागचा वर सिमेंट घालायला विसरला. दार फुगून बसलं की मागच्याने आतून कडी लावली. जमीन तर अशी उतरती होती की मास्तरांच्या हातून बटण सुटलं की घरंगळत थेट कपाटाखालच्या कोपऱ्यात जायचं. त्या कोपऱ्यात मागचा वसुलीला बसलाय, असं ठरलं. नाचता येईना त्याचं अंगण वाकडं म्हणतात. इथे कोणी नाचत नव्हतं, तरी अंगण वाकडंच होतं. पाहुण्यांपुढे, शेजाऱ्यांपुढे, पुढे जावयापुढेही मागच्यावर विनोद झाले आणि सगळ्यात मोठ्याने हसायचे ते मास्तर. त्या हसण्यात काय आहे हे बायकोने कधी पारखून पाहिलं नाही. कापड खेचून बघू नये, विरलेलं असलं तर हातातच येतं.

तिने कप ताटात मांडले आणि पुढच्या खोलीत आली.

लेक खाली बसून चादरीत कपड्यांचं गाठोडं बांधत होती. तिच्या घरात एकच खोली आणि एक स्वयंपाकघर. तिथे आईबाबांसाठी कपाट आडवं लावून आडोसा केला होता, आणि ते कपाट कसं चांगलं मोठं आहे हे ती सकाळपासून सांगत होती. गॅरेजवाला स्टुलावर बसला होता; स्टूल उताराकडे झुकायचं म्हणून एक पाय घट्ट रोवून. मास्तर खिडकीशी मशीनवर होते. पाय चालत होते, चाक फिरत होतं, पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावरून सुई सरळ रेषेत पुढे जात होती.

सुईत दोरा नव्हता.

तो बऱ्याचदा नसायचा. मास्तरांना दिसत नव्हतं आणि बोटांना कळत नव्हतं. ते दिवसभर शिवत, तृप्त होऊन घडी घालत, आणि दुपारी त्यांचा डोळा लागला की ती त्याच भोकांवरून हलक्या हाताने खरी शिलाई घालून ठेवी. आवाज होऊ नये म्हणून चाक हाताने फिरवी. हेही या घरात कोणी बोलत नसे.

"वहिनी, चहा झकास," गॅरेजवाला एक घोट घेऊन म्हणाला. "आणि मशीनचं काय? तेही आहे तसंच का?"

लेकीने गाठोड्याची गाठ पुन्हा सोडली. "माझ्याकडे जागा जरा... आपण बघू ना बाबा."

"तू बघ," मास्तर म्हणाले. "मला कुठे दिसतंय."

गॅरेजवाला खो खो हसला आणि मग हसायचं होतं की नाही हे न कळून चहात बघायला लागला.

गवंडी खाली आला तो मधली पायरी चुकवून, भिंतीला धरून. पोक्त माणूस होता, डोक्यावर चुन्याची भुकटी, विजारीच्या गुडघ्याला नवं कोरं भोक. चहाचा कप त्याने घेतला, पण त्याला आधी बोलायचं होतं.

"अहो, वरच्या खोलीत दार आहे. म्हटलं उघडून बघू. उघडलं तर पुढे काहीच नाही! सरळ रस्ता! पाय टाकला असता तर माझं तेरावंच घालावं लागलं असतं."

"खिळे मारले होते त्याला," ती म्हणाली.

"गंजले, बाई. ओढलं की आलं." त्याने गॅरेजवाल्याकडे तोंड केलं. "शेठ, चौकटी निघतील. विटांचं सांगत नाही. पण मी इतकी वर्षं हे काम करतोय, असलं कुठे पाहिलं नाही. भिंतीच्या कोपऱ्यात वीट विटेत गुंतवतात, एक इकडची, एक तिकडची. ह्यानं काय केलंय माहितीये? ही भिंत वेगळी उभी केली, ती भिंत वेगळी उभी केली, आणि मग दोन्ही जवळ आणून मधे माल भरलाय. रुसलेल्या जावांसारख्या उभ्या आहेत शेजारी शेजारी. असं कोण करतं?"

कोण करतं ते तिला ठाऊक होतं. पाठ वेगळी बेतायची, पुढा वेगळा बेतायचा, मग कडेला कड लावून जोडायचा. कपडे शिवणारा माणूस दुसरं काय करणार? तिने ताट छातीशी धरलं. तळव्यांना ताटाची गार कड लागली आणि उगाचच आठवलं, पिंपात भिजवलेल्या विटा अशाच गार लागायच्या. लेक चिंध्यांच्या ढिगावर झोपलेली असायची. मास्तर वरून हात खाली करायचे, न बघता. "दे," म्हणायचे. संध्याकाळपर्यंत त्यांना दुसरा शब्द सुचायचा नाही.

"मागचा करतो," मास्तर म्हणाले. चाक फिरतच होतं.

"हा मागचा मागचा कोण?" गॅरेजवाल्याने कप खाली ठेवला. "मी मघापासून ऐकतोय. कुणी राहत होतं का इथे तुमच्या आधी?"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने कपाकडे.

"होता एक," मास्तर म्हणाले.

"म्हणजे घर तुम्ही बांधलेलं नाही?"

"छे! मी शिंपी माणूस."

गॅरेजवाला स्टुलावर सरळ झाला. त्याचा मोठा आवाज खाली आला होता, आणि ते तिला जास्त वाईट वाटलं. "हे बघा मास्तर, राग मानू नका. कागद मी पाहिलेत. कागदावर नुसती मोकळी जागा आहे, तुमच्या नावावर. घराचा शब्द नाही. मला वाटलं, जागा घेतली, घर बांधलं, नोंद राहिली. होतं असं. पण तुमच्या जागेवर दुसऱ्यानं घर बांधलं म्हणता, तर उद्या मी मोकळं करायला माणसं लावली आणि तो येऊन उभा राहिला, म्हणजे? नाव सांगा त्याचं. पत्ता सांगा. लिहून घेऊ त्याच्याकडून."

"तो येणार नाही," मास्तर म्हणाले.

"का?"

मास्तरांचा पाय क्षणभर अडखळला. मग पुन्हा चालू झाला. "वारला."

लेकीच्या हातातून चादरीचं टोक सुटलं.

इतक्या वर्षांत त्या मागच्याला काय काय झालं होतं. त्याला विंचू चावला होता, त्याला बायकांनी बोल लावले होते, एकदा तर त्याला वेड्यांच्या दवाखान्यातून पळवून आणलं होतं. पण त्याला मारलं कोणीच नव्हतं.

"कधी?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"झाली वर्षं. हळूहळूच गेला."

"आणि वारस?"

"एक मुलगी."

"बाबा," लेक म्हणाली. लहानपणी बोललेलं एक वाक्य. एवढं मोठं होईल हे तिला तरी कुठे माहीत होतं. ती गाठोड्याशी बसून राहिली आणि तिच्या कानाच्या पाळ्या, या वयातही, लाल होत गेल्या.

गवंड्याला मात्र गोष्टीत रस वाटायला लागला होता. चहा पीत तो भिंतीला टेकला, मग काहीतरी आठवून भिंतीपासून दूर झाला. "पण मास्तर, एक सांगा. तुम्ही ओळखत होता म्हणून विचारतो. ते वरचं दार कशाला ठेवलं त्यानं?"

"गॅलरी काढायची होती."

"तिथे? रस्त्यावर?"

"बायकोला संध्याकाळी बसायला." मास्तर चेहरा खिडकीकडे करून बोलत होते, जिथून त्यांना फक्त उजेड कळायचा. "दिवसभर घरात असायची. त्याला वाटायचं, काम आटोपल्यावर वर खुर्ची टाकून बसेल, येणारे-जाणारे बघेल. खुर्चीही आणून ठेवली होती त्यानं. आधी."

खुर्ची होती. अजून होती, मागच्या बंद खोलीत, पाय निखळलेली. ती खुर्ची कशासाठी आणली हे तिने तेव्हा विचारलं नव्हतं. घरात चार माणसं आली तर बसायला, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

"माणूस वाईट नसेल," गवंडी म्हणाला. "पण एवढं वाकडंतिकडं होताना घरातली बाई काही बोलली नाही? माझी बायको असती तर तिनं थापी काढून घेतली असती हातातली."

"तिला कुठे विचारलं होतं त्यानं," मास्तर म्हणाले. आवाज एकदम साधा झाला होता, हसू गेलेला. "त्यानं कुणालाच विचारलं नाही. जे झालं ते त्या एकट्यानं केलं. तिचा यात काही हात नाही."

चाक फिरत राहिलं. कपाटाखाली काहीतरी हललं, उंदीर असेल नाहीतर एखादं जुनं बटण.

गॅरेजवाला उठला. स्टूल त्याच्या मागे आपोआप उताराला सरकलं. त्याने खिशातून किल्ल्या काढल्या, त्या हातातल्या हातात फिरवल्या. जायचं त्याच्याही जिवावर आलं होतं. "वहिनी, मेलेल्या माणसाची भानगड मला नको. तुम्ही आधी त्या मुलीला शोधा. तिच्याकडून लिहून आणा की घरावर हक्क नाही. मग या. मी काही पळून जात नाही. पण असं नाही जमायचं."

"दुसरं गिऱ्हाईक बघा, असं म्हणताय," ती म्हणाली.

त्याने हातातल्या किल्ल्यांकडे पाहिलं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, हे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, त्या भिंतीलाही माहीत असावं. पावसाळ्यापर्यंत भिंत उभी राहील की नाही एवढाच प्रश्न होता, आणि तिच्या अलीकडेच मास्तरांचं अंथरूण होतं.

गवंडीही उठला. कप कुठे ठेवावा ते न कळून त्याने तो लेकीच्या हातात दिला. लेकीने आईकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. बोलली असती तर दोन शब्दांचं काम होतं. पण हे दोन शब्द बोलायची या घरात कुणालाच सवय नव्हती.

ती मशीनपाशी गेली. मास्तर मान खाली घालून शिवत होते, इतकं मन लावून, की जणू गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि कपडा आत्ताच द्यायचाय. अभ्र्यावर भोकांची ओळ उमटली होती, बारीक, एकसारखी, एक भोक इकडचं तिकडे नाही. सरळ शिवण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. उजेडात धरली असती तर त्या ओळीतून पलीकडचं दिसलं असतं.

तिने चाकावर तळवा ठेवला. चाक थांबलं.

"काय गं?"

तिने रिळाचा दोरा ओढला, जिभेवर टोक ओलं केलं, आणि सगळ्यांसमोर सुई ओवली.

"दोरा होता की," मास्तर म्हणाले.

"नव्हता."

त्यांचे हात अभ्र्यावरच राहिले. मग एक बोट हळूहळू त्या ओळीवरून मागे गेलं, जिथून शिवायला सुरुवात केली होती तिथपर्यंत, आणि तिथे थांबलं.

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

दारातून गॅरेजवाला म्हणाला, "येतो आम्ही," आणि मधल्या अवघडलेपणावर उपाय म्हणून, "मास्तर, त्या मागच्याच्या मुलीचा पत्ता लागला तर—"

"मेला नाहीये तो," ती म्हणाली. चाकावरचा हात तिने काढला नाही. "हे काय, इथे बसलेत. घर ह्यांनी बांधलंय. आणि विटा मी दिल्यात."